नेरियो आमाकचे निळे हात

नेरियो आमाक गेले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालणाऱ्या तिघांनी त्यांचे हात राखेनं घासले, लिंबानं घासले, पण निळे ते निळेच राहिले. नखांच्या कडा निळ्या, पेरांवरच्या रेघा निळ्या. शेवटी आमचे धर्मगुरू मुल्लो याकुतिल दारात आले आणि म्हणाले, मळ असता तर निघाला असता, हे त्या माणसाचं कातडंच आहे, तसंच गुंडाळा. हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. अवनेर त्या तिघांतला एक होता. सांगताना रडला. तो न्हावी आहे, दिवसभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरतो, त्याला उगाच रडू येत नाही.

त्या हातांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली होती. मोहल्ल्यात ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो आपल्या पद्धतीनं तिखटमीठ लावून सांगतो. आता माझीही साठी उलटली, तेव्हा मीच सांगते. तोंडाळ म्हणून माझं नाव आहेच, त्यात आणखी काय बिघडणार आहे.

आमाक म्हणजे काका, पण ते सगळ्या मोहल्ल्याचेच काका होते. धंदा रंगाऱ्याचा, तोही फक्त निळीचा. त्यांच्या आजोबांच्या काळी बुखाऱ्यात निळे हात दिसले की माणूस यहुदी हे न विचारता कळायचं. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक रांजण जमिनीत पुरलेला असायचा, आणि हिंदुस्थानातून येणारी निळीची वडी गव्हाच्या कोंड्यात, चुन्यात आणि तुतीच्या पाकात दिवसेंदिवस आंबत पडायची. वास असा की नवखा माणूस गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरे. मग रशियातून कागदी पुड्यांमधला रंग आला. पुडी फोडा, पाण्यात टाका, झालं. एकेक घर रांजण बुजवून दुसऱ्या धंद्याला लागलं. कोणी चांभार झाला, कोणी कापूस विकायला लागला, माझ्या सासऱ्यांनी वस्तरा घेतला. नेरियो आमाक तेवढे राहिले. पुडीच्या रंगाला ते रंग म्हणायलाच तयार नसत. तो कापडाला भेटायला येतो आणि पहिल्या धुण्याला निघून जातो, म्हणायचे.

आणि ते कोहेन होते. पहिल्या पुरोहिताच्या, अहरोनच्या वंशातले. रोज सकाळच्या प्रार्थनेत लोकांकडे तोंड करून, हात उचलून आशीर्वाद देण्याचा मान त्यांचा. मोहल्ल्यात आधी पाच कोहेन होते, त्यातले दोन वारले, दोन जेरुसलेमला निघून गेले. बायको गेलेली, दोन्ही मुली कोकंदला दिलेल्या. आमाकपाशी राहिलं काय, तर एक रांजण आणि आशीर्वादाचे ते पंधरा शब्द.

मी समरकंदची. बुखाऱ्याचा अमीर पळून गेला त्याच्या दुसऱ्या वसंतात सून होऊन इथे आले, तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिल्या शनिवारी माझी सासू बुलोर मला प्रार्थनाघराच्या खिडकीशी घेऊन गेली. बायका अंगणात, खिडकीबाहेर उभ्या राहायच्या. कोहेननं हात उचलले की मान खाली घालायची, हातांकडे बघायचं नाही, हे काय मला शिकवायला हवं होतं? माझ्या माहेरीही कोहेन होते. मी मान खाली घातली. मग आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, जरा घोगरा, पण असा, की जणू प्रत्येकाला नाव घेऊन बोलावतोय. आणि माझी मान आपसूक वर गेली.

काय सांगू. शाल कपाळावरून पुढे ओढलेली, तिच्याबाहेर दोन हात, बोटं दोन-दोन जुळवून फाकलेली, आणि ते हात मनगटाच्या वरपर्यंत निळे. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं. आमच्या समरकंदच्या घुमटांचा निळा रंग मी जन्मापासून पाहत आलेली, पण तो दगडमातीवरचा. हा जिवंत होता, थरथरत होता. हे समोर असताना ही माणसं रोज मान खाली घालून उभी राहतात, याचंच मला नवल वाटलं.

इथवर ठीक होतं. पाहिलं तर पाहिलं, गप्प बसायचं. पण मी कुठली गप्प बसते. बाहेर बायका चहाचे पियाले घेऊन बसल्या तशी मी सगळ्यांना ऐकवलं, की अहो, त्या काकांचे हात पाहिलेत का तुम्ही, मला तर दुसरं काही दिसेचना, आशीर्वादाचा एक शब्दही ऐकू आला नाही. बायकांच्या हातातले पियाले जागच्या जागी थांबले. बुलोरनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर डाग होता. भिंतीच्या पलीकडे नेरियो आमाक बसून जोडे घालत होते.

दुसऱ्या दिवशी आशीर्वादाची वेळ यायच्या आधी ते उठले आणि बाहेर निघून गेले. कोहेन आशीर्वाद देणार नसेल तर त्यानं त्या वेळी आत थांबायचं नाही, असा नियम आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी लोकांनी त्यांना गल्लीत गाठलं.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. रंगलेल्या हातांच्या कोहेननं हात उचलू नयेत, लोकांची नजर तिकडे जाते आणि मन आशीर्वादावरून उडतं, असं पुस्तकात लिहिलंय. लोक म्हणाले, आम्हाला तुमच्या हातांची सवय आहे. ते म्हणाले, तुम्हाला आहे, पण दर वर्षी नव्या सुना येतात, पाहुणे येतात, त्यांना कुठे आहे? कोणी म्हणालं, हात शालीच्या आत घ्या. त्यावर मात्र चिडले. आजोबांनी उघडे उचलले, बापानं उघडे उचलले, मी काय चोरी केलीय झाकायला? आणि काम सोडा असं कोणी म्हटलं नाही. सोडलं असतं तरी ते हात आता पांढरे व्हायचे नव्हते.

मग माझ्या नावानं बोटं मोडायला सुरुवात झाली. समरकंदच्या सुनेनं मोहल्ल्याचा आशीर्वाद घालवला. त्या उन्हाळ्यात ज्याचं जे बिघडलं ते माझ्या खाती. चांभाराची दाढ दुखली, मी. कोणाची गाय आटली, मी. शेजारणीचा भात कच्चा राहिला तरी तिनं आमच्या दाराकडे बघून उसासा टाकला. बुलोर लोकांसमोर माझी बाजू घ्यायची आणि घरात आल्यावर मला धारेवर धरायची. म्हणायची, अवनेरसाठी मी ताश्कंदची मुलगी बघितली होती, मुकी होती थोडी, तेव्हा मला ते व्यंग वाटलं.

लोकांचं मी सहन केलं असतं. पण एका सकाळी मी पाणी आणायला हौदाकडे चालले होते, आणि प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीशी आमाक उभे दिसले. आत आशीर्वादाची वेळ झाली होती, आत कोणी कोहेन नव्हता, आणि हा माणूस बाहेर, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात काखेत दाबून उभा होता. ओठ हलत होते. मी घागर तिथेच ठेवून घरी पळाले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले आणि पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. ते रांजणात काठी फिरवत होते. मला म्हणाले, "सूनबाई, तुझ्यावर राग नाही माझा. तू खरं बोललीस. एवढ्या वर्षांत तू पहिली."

"तुम्ही परत आत उभे राहा, आमाक. मी खिडकीशी येणारच नाही. घरी बसेन."

"एकीला घरी बसवून बाकीच्यांना आशीर्वाद देऊ? तो कसला आशीर्वाद?" म्हणाले, आणि काठी फिरवत राहिले. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या पंधरा शब्दांसाठीच सकाळी उठत होतो बघ. आता उशिरा उठलं तरी चालतं."

मी रडतच मुल्लो याकुतिलकडे गेले. मुल्लो म्हणजे सुकलेल्या जर्दाळूसारखा माणूस, ज्ञानानं मोठा, पण विचारलं तेवढंच सांगणारा. मी विचारलं, तो नियम खरा आहे का? त्यांनी पुस्तक काढलं, बोट फिरवलं, खरा आहे म्हणाले आणि पुस्तक मिटलं. मी म्हटलं, मग यांचे वडील आणि आजोबा काय नियम मोडत होते? त्यांचेही हात निळेच होते ना? मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी पुस्तक परत उघडलं.

"इथे पुढे लिहिलंय," ते म्हणाले, "गावातले बहुतेक लोक त्याच कामातले असतील, तर त्यानं खुशाल हात उचलावेत. सगळ्यांचेच हात तसे, मग कोण कुणाकडे बघणार? त्यांच्या वेळी सगळा मोहल्ला निळा होता, पोरी. आता एकटा नेरियो उरला."

शेकडो वर्षांपूर्वी कुठल्या तरी माणसानं बसून निळ्या हातांच्या गावाचा विचार करून ठेवला होता. आमचा विचार. मला त्या पुस्तकाची भीतीच वाटली, आणि त्याच क्षणी पुढे काय करायचं तेही कळलं. मी विचारलं, गाव म्हणजे काय, सगळा बुखारा? ते म्हणाले, यात आपल्यापुरतं गाव म्हणजे आपला मोहल्ला. मी विचारलं, बायका धरून? म्हणाले, गावात बायका राहत नाहीत का? मग विचारलं, आणि ते काम पोटासाठीच करायला हवं का? मुल्लोंनी दाढी खाजवली. "नुसते हात बुडवून चालणार नाही, काम करावं लागेल. का करता, ते मात्र लिहिलेलं नाही."

दुसऱ्या सकाळी मी माहेरहून आणलेली पांढरी चादर घेऊन आमाकच्या अंगणात उभी. म्हटलं, मला शिकवा. त्यांना वाटलं, प्रायश्चित्त म्हणून आलेय, दोन दिवसांत वासानं पळेल. त्यांनी मला कोंडा चाळायला लावला, चुना विरवायला लावला, आठ दिवस रांजणाच्या तोंडाशी कान लावून बुडबुडे ऐकायला लावले. नवव्या दिवशी म्हणाले, आता घाल हात.

चादर दाबून धरली, सोडली, पुन्हा दाबली. बाहेर काढली तर हिरवी. माझे हातही हिरवे, आजारी माणसासारखे. मला वाटलं, मी यातही माती खाल्ली. आमाक म्हणाले, थांब, वारा लागू दे. आणि माझ्या डोळ्यांदेखत चादरीच्या कडेकडून निळाई चढायला लागली. कोणी ओतत नव्हतं, कोणी शिवत नव्हतं. हिरवं होतं ते बघता बघता निळं झालं, आणि माझी बोटंही तशीच, एकेक करून. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. आमाकही माझ्याशेजारी उभे राहून बघत होते. साठ वर्षं हे काम केलेला माणूस, पण तोही श्वास रोखून बघत होता. म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही, हा येतो कुठून."

तेव्हा मी त्यांना माझा बेत सांगितला. ते ताडकन मागे सरले. देवाशी चलाखी करतेस का, म्हणाले, आणि मला अंगणाबाहेर काढलं.

पण माझे हात निळे झालेले, ते कुठे लपणार? हौदावर बायकांनी विचारलं, मी सांगितलं. हसल्या. एकजण म्हणाली, निळं तर सुतकात नेसतात, सणाच्या तोंडावर हे काय? दोन दिवसांनी तीच कापड घेऊन आली. मग एलूल महिना लागला. त्या महिन्यात पुरुष पहाटे क्षमेच्या प्रार्थनेला उठतात. पाचव्या का सहाव्या पहाटे प्रार्थना आटोपून चांभार सरळ आमाकच्या दारात गेला आणि म्हणाला, सुट्टी काढलीय, काम द्या. दाढ अजून सुजलेली होती त्याची. आमाक त्यालाही हाकलणार होते, पण तो म्हणाला, माझा बाप तुमच्या बापाकडे या अंगणात राबलाय, मला काम नाही म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. त्यावर आमाकनी काठी त्याच्या हातात दिली.

त्यानंतर लोक येतच राहिले. आमाकनी शिकवलं सगळ्यांना, कुरकुरत, ओरडत, वाईट रंगलेलं कापड तोंडावर फेकत. मोहल्ल्यातल्या बुजवलेल्या रांजणांतले तीन पुन्हा उकरले. पण त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की मी परत उभा राहीन. सकाळी प्रार्थनेतून वेळेआधी उठून बाहेर जाणं चालूच होतं. आणि माझा नवरा? तो एकदाही आला नाही. निळ्या हातांच्या न्हाव्याला गाल कोण देईल, म्हणाला. मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही ते सांगत नाही.

किप्पूरच्या, म्हणजे मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी दुपारी मुल्लो गल्लीत आले. बहुतेक झाले की नाही ते पाहायला हवं होतं. पण माणसं मोजायची नाहीत हा आमचा जुना दंडक. म्हणून बुलोरनं घरोघरी फिरून माणसामागे एक जर्दाळूची बी गोळा केली होती, पाळण्यातल्या पोरांसकट. आणि ज्यानं ज्यानं काम केलं त्यानं आपण रंगवलेलं एक एक कापड गल्लीतल्या दोरीवर टाकलं. मुल्लोंनी बिया मोजल्या. चौऱ्याऐंशी. मग दोरीखालून मान वर करून चालत गेले, परत आले, पुन्हा चालत गेले. कापडं बेचाळीस.

बरोबर अर्धी. अर्धी म्हणजे बहुतेक नव्हे. मी अवनेरकडे असं बघितलं की त्यानं मान फिरवली. वेळ उरला नव्हता, सूर्यास्ताआधी जेवून उपास धरायचा होता.

तेवढ्यात बुलोर कमरेवर हात ठेवून पुढे आली. या बाईनं मला आयुष्यभर छळलं, पण त्या दुपारसाठी मी तिला सगळं माफ केलं. म्हणाली, "मुल्लो, बी मी नेरियोचीही टाकलीय. त्याचं कापड कुठंय? हा काय या मोहल्ल्याचा रंगारी नाही?"

सगळ्यांच्या माना आमाककडे वळल्या. खरंच, त्यांना कोणी धरलंच नव्हतं. ते आपल्या दारात उंबऱ्यावर बसले होते. मुल्लो दोरीखालीच थांबून राहिले. आता ते कापड टाकणं न टाकणं त्या एकट्याच्या हातात होतं, आणि टाकलं म्हणजे हो म्हटलं, हे त्यांनाही कळत होतं, आम्हालाही.

आमाक उठले. कमरेचं पांढरं फडकं सोडलं, आत गेले. बाहेर आले तेव्हा फडकं हिरवं होतं आणि ठिबकत होतं. त्यांनी ते दोरीवर टाकलं, सगळ्यांच्या शेवटी. आम्ही तिथेच उभे राहिलो, ब्याऐंशी-त्र्याऐंशी माणसं, आणि ते निळं होईपर्यंत कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी होते. एकच कोहेन असला की त्याला हाक मारत नाहीत, त्याचं त्यानं वळायचं असतं. म्हणून मला शेवटपर्यंत धाकधूक. वेळ आली. आमाक उठले, आणि मी खिडकीचा कठडा घट्ट धरला, कारण रोज ते याच वेळी उठून दाराकडे जायचे. पण ते दाराकडे गेले नाहीत. हातांवर पाणी घेतलं, पुढे जाऊन उभे राहिले, आणि आमच्याकडे वळले.

मी मान खाली घातली. या वेळी मनापासून. खिडकीच्या कठड्यावर बायकांचे हात टेकलेले होते, म्हातारे, कोवळे, बांगड्यांचे, बिनबांगड्यांचे, आणि बहुतेक सगळे निळे. आत पुरुषांच्या रांगा, आणि शालींच्या काठांना धरलेली बोटं तीही बहुतेक निळी. पहिल्या शब्दाला आमाकचा आवाज फुटला. मग लागला. पंधराच्या पंधरा शब्द मी ऐकले, एक सुटला नाही, आणि प्रत्येक शब्द मला नाव घेऊन बोलावत होता.

संध्याकाळी उपास सुटल्यावर ते अंगणातून जाताना माझ्यासमोर थांबले. बुलोर शेजारी होती, तिनं आधीच माझी मांडी चाचपली.

"काय सूनबाई, आज बघितलेस का माझे हात?"

"बघितले, आमाक," मी म्हटलं. "पण इतके होते, की त्यातले तुमचे कुठले, ते कळलंच नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.